मलावरोध, रक्त आणि लपवाछपवी

शौचाच्या वेळी ताज्या लाल रक्ताचे चार-दोन थेंब पडणे हे अत्यंत सामान्य लक्षण आहे. तरीही ते घरच्या माणसांपासून आणि पुष्कळदा डॉक्टरांपासूनही लपवले जाते, आणि या लपवाछपवीमुळेच एरवी साध्या उपायांनी बरा होणारा विकार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो किंवा भिंतीवरच्या जाहिरातीतील पत्ता शोधत चुकीच्या हाती सोपवला जातो.

मलावरोध म्हणजे केवळ रोज शौचास न होणे नव्हे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ खड्यासारखा कठीण असणे, कुंथावे लागणे आणि होऊनही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, या लक्षणांवरून वैद्यकशास्त्र मलावरोध ठरवते. त्यामुळे एक दिवसाआड पण मऊ आणि विनासायास शौचास होणाऱ्या माणसाला तो नसतो, तर रोज सकाळी अर्धा तास कुंथत बसणाऱ्याला असू शकतो. मळातील पाणी शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे एक कामच असल्याने मळ आत जितका रेंगाळतो तितका कोरडा होत जातो, आणि असा कोरडा, जाड मळ बाहेर पडताना गुदद्वाराच्या नाजूक अस्तराला चीर पडते. या चिरेला फिशर म्हणतात. आयुर्वेदात तिचे वर्णन परिकर्तिका या नावाने येते. ती बहुधा मागच्या बाजूला मध्यरेषेवर पडते, कारण त्या जागेचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो. चिरेच्या वेदनेने गुदद्वार आवळून धरणारा आतला स्नायू आखडतो, आखडलेल्या स्नायूमुळे रक्तपुरवठा आणखी घटतो व चीर भरून येत नाही. शिवाय वेदनेच्या धास्तीने रुग्ण शौचास जाणेच टाळू लागतो, त्यामुळे मळ अधिक घट्ट होतो आणि भरत आलेली चीर पुन्हा उकलते.

मूळव्याधीचे कारण निराळे आहे. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला जन्मतःच असतात आणि वायू व मळ रोखून धरण्यास त्यांची मदत होते. सततच्या कुंथण्याने त्या फुगून खाली सरकू लागल्या म्हणजे त्यांना मोड किंवा कोंब म्हटले जाते. आतल्या मोडांच्या जागी वेदना जाणणाऱ्या नसा नसल्यामुळे त्यांतून रक्त येते ते बहुधा न दुखता, थेंब थेंब किंवा पिचकारीसारखे. उलट शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना, त्यानंतर तासन्‌तास राहणारी आग आणि मळावर रक्ताची बारीक रेघ असे चित्र असेल, तर फिशरची शक्यता अधिक. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण फिशरचा रुग्ण स्वतःला मूळव्याध झाली असे समजून महिनोन्‌महिने मूळव्याधीची मलमे लावत राहतो आणि त्याची चीर तशीच राहते.

या गैरसमजावर जाहिरातींचा मोठा बाजार उभा आहे. एसटी स्थानकांच्या आसपासच्या भिंतींवर मूळव्याध, भगंदर आणि फिशर ही तिन्ही नावे एका ओळीत लिहून विनाऑपरेशन खात्रीशीर इलाजाची हमी दिली जाते; प्रत्यक्षात भगंदर, म्हणजे गुदद्वाराजवळच्या गळवातून तयार झालेली पू वाहणारी नळी, हा पूर्णपणे वेगळा विकार आहे आणि तिन्हींवर एकच औषध असू शकत नाही. अप्रशिक्षित माणसाने दिलेले दाहक इंजेक्शन किंवा लावलेले क्षाराचे औषध गुदद्वार कायमचे आकसून टाकू शकते. हे आयुर्वेदाच्या नावावर खपवले जात असेल, तर तो आयुर्वेदावरही अन्याय आहे. सुश्रुतसंहितेने अर्श, म्हणजे मूळव्याध, आणि भगंदर यांची गणना आठ महागदांत, म्हणजे कष्टसाध्य व्याधींत, केली. अर्शासाठी औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आणि नवा, सौम्य अर्श औषधानेच बरा करावा असा क्रमही लावून दिला. आजची शल्यचिकित्साही याच क्रमाने जाते.

किरकोळ रक्तस्रावाच्या उपचारात सारे लक्ष मळ मऊ ठेवण्यावर असावे लागते. रक्त थांबवण्याच्या गोळ्यांना त्यात दुय्यम स्थान आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतू, म्हणजे अन्नातील न पचणारा चोथा, लागतो. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि न चाळलेली कणीक यांत शंभर ग्रॅममागे सुमारे 10 ते 11 ग्रॅम तंतू असतो, तर मैदा आणि पॉलिश केलेला तांदूळ यांत तो तीन ग्रॅमच्या आतच राहतो. म्हणून पोळीऐवजी भाकरीच खावी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. पाव, बिस्किटे, खारी आणि नूडल्स यांनी न्याहारीत बळकावलेली जागा परत घेणे अधिक गरजेचे आहे. मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू, पपई आणि भिजवलेले अंजीर हे पदार्थ त्या कामी उपयोगी आहेत. तंतू मात्र हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगते. इसबगोलाचा भुसा एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच घ्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. अपुऱ्या पाण्याबरोबर घेतलेला इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

सवयींचा भागही तितकाच मोलाचा आहे. अन्न जठरात गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, त्यामुळे न्याहारीनंतरची वेळ शौचासाठी अनुकूल असते आणि त्या वेळी आलेली भावना दाबू नये. कमोडवर बसणाऱ्याने पायाखाली बुटके स्टूल घेतल्यास गुदमार्ग अधिक सरळ होतो व कुंथावे लागत नाही. मोबाइल घेऊन शौचालयात बसून राहणे मात्र मोडांना थेट आमंत्रण आहे. वेदनेसाठी कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाणी साधेच असावे, त्यात जंतुनाशक घालण्याची गरज नसते. एवढ्या उपायांनी ताज्या चिरा बहुधा सहा-आठ आठवड्यांत भरून येतात. न भरल्यास स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम आणि क्वचित छोटी शस्त्रक्रिया, तर मोडांसाठी रबराचे वळे बसवण्याची पद्धत, असे पुढचे उपाय तज्ज्ञांकडे आहेत. सोनामुखीयुक्त चूर्ण रोज रात्री वर्षानुवर्षे घेणे हा मात्र उपचार नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कामाच्या ठिकाणी किंवा प्रवासात स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणे हा असंख्य स्त्रियांचा नित्यक्रम आहे. मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि मलावरोधाचा विचारही त्याच प्रश्नाला जोडून व्हायला हवा. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आतड्यांची गती मंदावते, त्यात लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट होतो, आणि बाळंतपणानंतर फिशर होणे मग नवलाचे राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आहेत. अशा शरीरातून रोज थोडे थोडे जाणारे रक्तही किरकोळ राहत नाही.

म्हणून रक्त मूळव्याधीचेच असेल असे घरी बसून ठरवू नये. रक्त गडद असेल किंवा मळात मिसळलेले असेल, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल झाला असेल, वजन घटत असेल, आव पडत असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसले असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, लांबवता येत नाही. भारतात गुदाशयाचा कर्करोग तरुण वयातही आढळतो आणि मूळव्याध समजून महिने दवडले गेल्याने तो पुष्कळदा उशिरा उघडकीस येतो. मळ डांबरासारखा काळा होणे, रक्त न थांबणे किंवा भोवळ येणे अशा वेळी तर तासाभराचीही वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळसर होतो, हे मात्र डॉक्टरांना सांगावे.

बोटाने आणि छोट्या नळीने होणारी प्राथमिक तपासणी काही मिनिटांची असते. ती न करताच मलम लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे रुग्णाने तपासणीचा आग्रह धरावा, आणि गरोदर स्त्रीच्या हाती लोहाच्या गोळ्या ठेवणाऱ्या प्रत्येक केंद्राने तिला शौचास कसे होते, रक्त जाते का, हा प्रश्न दर भेटीत विचारावा.