फिका रंग म्हणजे कच्चा माल नव्हे

रेड वाईन जितकी काळपट तितकी दमदार, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. बाग मुख्यतः थॉमसनची, शिवाय थोडी वाईनची शिराझ. वायनरीच्या दारात माल उतरला की आधी ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी बघतात, मग मणी बोटांत चिरडून साल किती रंग सोडते ते. एका हंगामात ऐन काढणीला आभाळ धरून राहिलं, रंग कमी उतरला. गोडी भरपूर होती, घड निरोगी होते, तरी भाव पाडला. ‘काका, रंगच नाही मालात,’ एवढंच उत्तर मिळालं. या मोजपट्टीवर माझा राग आहे, म्हणून आज इटलीतल्या एका फिक्या वाईनची बाजू मांडतो.

तिचं नाव वेर्दूनो पेलावेर्गा. पिएमॉन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर वेर्दूनो नावाचं लहानसं गाव आहे. पेलावेर्गा पिक्कोलो हा वाण तिथे आणि शेजारच्या ला मोर्रा व रोद्दी गावांच्या काही भागांत होतो. सगळी लागवड मिळून दीडशे एकरसुद्धा नसेल. पेलावेर्गा ग्रोस्सो असा जवळच्या नावाचा दुसरा वाण आहे, पण तो वेगळा. गावकरी सांगतात की वेर्दूनोतच 1629 साली जन्मलेले धर्मगुरू सेबास्तियानो वाल्फ्रे यांनी ही काडी सालुझ्झोहून आणली. दंतकथा असेल, पण काडी कुठून आली हे गावाने लक्षात ठेवलं, याचं मला कौतुक वाटतं.

तोरीनोला शिकणाऱ्या पुतणीने एक बाटली आणली होती. ग्लासात ओतली तर रंग पातळ कोकम सरबतासारखा. ग्लासामागे धरलेल्या पेपरातला मथळा सहज वाचता येत होता. नाकाशी नेताच स्ट्रॉबेरी, आणि तिच्या मागोमाग पांढऱ्या मिरीचा झणका. तुरटपणा बेताचा, घशाला ओढ नाही. आमच्या काळ्या मसाल्याच्या मटणासोबत घेतली. जड, तुरट वाईन तिखटावर घेतली की जिभेची आग वाढते, हा अनुभव अनेकांना असेल. ही मात्र जेवणाशी भांडली नाही. थोडी गार करून घेतली की आणखी खुलते. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये खोलीचं तापमान काय असतं, ते नाशिककरांना सांगायला नको.

खरी गंमत पुढे आहे. वेर्दूनो हे बारोलो पिकवणाऱ्या अकरा गावांपैकी एक. बारोलो ही नेबिओलो द्राक्षाची, जगभर मान असलेली आणि भरपूर पैसा देणारी वाईन. ज्या गावात ती पिकते, तिथे फिक्या पेलावेर्गाला जागा द्यायची म्हणजे शेजाऱ्याने वेड्यात काढायचं काम. पूर्वी हा वाण इतर द्राक्षांत मिसळूनच जायचा. 1970च्या दशकात गावातल्या मोजक्या घरांनी, त्यांत बुरलोत्तो घराणं पुढे, तो वेगळा गाळून वेगळ्या बाटलीत भरायला सुरुवात केली. 1995मध्ये त्याला डीओसी मिळाली, म्हणजे कायद्याचं संरक्षण. बाटलीवर गावाचं नाव लावायचं तर किमान 85 टक्के पेलावेर्गा हवाच.

यात नुसती हौस नव्हती, हिशेबही होता. बारोलो 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. तोवर पैसा अडकून पडतो. पेलावेर्गा पुढच्याच वर्षी बाजारात जाते. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, त्याला याची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. गावाने दोन्ही वाण ठेवले: एक प्रतिष्ठेचा, एक रोजच्या ताटाजवळचा.

आपण काय केलं? आमच्या वडिलांच्या तोंडी भोकरी, फकडी, काळी साहेबी ही नावं असायची. बियांची द्राक्षं. थॉमसन सीडलेस आली, बाजाराने बी नाकारलं आणि आम्ही मुळासकट ओंडके काढले. माझ्या शिवारात आज फकडीचा एक वेल दाखवता येणार नाही. त्या वेळचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. थॉमसनने आमची घरं बांधली, पोरं शिकवली. पण दोन ओळी राखून ठेवायला कुणाची हरकत होती?

तसं आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला कमी लेखू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण बागेतल्या वेगळ्या दिसणाऱ्या फुटव्यांतून निवडून दिले. नवं हेरायची नजर आपल्याकडे आहे. जुनं सांभाळायची व्यवस्था बांधावर नाही.

2022मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यायच्या निर्णयावरून राज्यात केवढं रान उठलं! सगळा वाद विक्रीचा. त्या बाटलीत कोणतं द्राक्ष असावं, हे कुणी विचारलं नाही. वाईन प्यावी की न प्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. वाण टिकवावा की नाही हा शेतीचा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक बागायतदाराचा आहे.

पेलावेर्गाच्या काड्या आणून निफाडात लावा, असं मी सुचवत नाही. ती वेर्दूनोलाच शोभते. अकलूजमध्ये इटालियन सांजोव्हेसे रुजली, चांगलं झालं. पण प्रत्येक वेळी उसनी काडीच का आणावी? पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथून जुन्या वाणांच्या काड्या इच्छुक बागायतदारांना मिळाव्यात, एखाद्या वायनरीने असा शंभर-दोनशे किलोचा माल वेगळा गाळून बघावा आणि जमला तर लेबलवर वाणाचं व गावाचं नाव छापावं. दहातले नऊ प्रयोग फसतील. दहाव्याचा रंग फिका निघाला, तर मात्र कृपा करून भाव पाडू नका.