असर नाही, आवाज आहे

माझी बहीण अड्याळला राहते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मिक्सर लागला की तो कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरतो. वुजूचं पाणी तोंडावर उडालं की किंचाळतो. सदऱ्याच्या कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय सदरा अंगात घालत नाही. आणि हाच मुलगा मागच्या हिवाळ्यात गरम तव्याला हात लावून बसला. फोड आले, पण रडला नाही.

मोहल्ल्यानं निकाल दिला : असर आहे. ताईत झाले, दम झाला. मग एकानं त्याला लोबानाचा धूर दिला. ज्या पोराला अगरबत्तीचा वास सोसत नाही, त्याच्या नाकाशी लोबान! तो तडफडला, तर म्हणे जिन घाबरला.

जिनांवर ईमान असणं वेगळं, आणि जे कळत नाही त्याला जिन म्हणणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला मी अडाणीपणा म्हणतो. या मुलाला स्वमग्नता आहे. कानाच्या तपासणीत दोष निघत नाही, कारण प्रश्न कानाचा नाही. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांची आवक मेंदू कमी-जास्त करतो, आणि त्याच्याकडे तो तोल वेगळा आहे. म्हणून एक आवाज असह्य होतो आणि भाजलेलं जाणवत नाही. कुणाला ओळखीचे चेहरेही पटकन ओळखता येत नाहीत. कुणाला आवाज ऐकताना रंग दिसतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१३ साली तपासलेल्या स्वमग्न प्रौढांत असे जवळजवळ १९ टक्के निघाले, इतरांत ७ टक्के.

‘दोन थपडा द्या, सवय होईल,’ असं सांगणारे शहाणे गावोगावी आहेत. पण तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की आपला मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यातल्या अनेक मुलांचा मेंदू नेमकं तेच सहज करत नाही. थपडेनं तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल.

आपल्या सरकारला हे कळलेलं आहे. स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत संवेदनांचा वेगळा विभाग आहे. वेदना न जाणवणं हा त्यातला एक प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं, तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ताईतावर पैसे घालवणाऱ्या किती घरांनी हा दाखला काढला?

आता जमातीला विचारतो. मशिदीसमोर डीजे वाजला की आपण चिडतो, आणि चिडणं रास्त आहे. मग मिलादच्या जुलूसात आपला डीजे कुणासाठी? पलंगाखालच्या पोराला दोन्ही डीजे सारखेच लागतात. लाऊडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं, २०२५ साली पुन्हा सांगितलं. आपल्याला कोर्टाची गरज का पडावी? हजरत बिलाल (रजि.) यांची अजान त्यांच्या गळ्यातून आली होती, भोंग्यातून नाही.

आणि सुन्नतचं बोलायचं तर, नमाज लांबवण्याचा इरादा असताना लेकराचं रडणं कानी आलं की नबी (स.) नमाज आटोपती घेत, कारण त्या आईच्या जिवाची त्यांना फिकीर असे. आपण मात्र लेकरू रडलं की आईला म्हणतो, याला घेऊन बाहेर जा.

माझं मागणं मोठं नाही. भोंग्याचा आवाज कमी करा. जुलूसातून डीजे काढा. ईदच्या दिवशी मशिदीचा एक कोपरा शांत ठेवा. आणि अशा मुलाच्या आईला ‘कुठल्या बाबाकडे नेलं?’ असं विचारू नका. ‘दाखला काढला का?’ असं विचारा. पुढच्या बैठकीत मी हेच बोलणार आहे. ज्यांना राग येईल, त्यांनी आधी माझ्या बहिणीच्या घरी एक दिवस काढून पाहावा. मिक्सर मात्र लावू नका.