मैदानाची किल्ली

पहाटे पाचला दिग्रसहून दारव्हा रस्त्याला निघालात की आधी बुटांचा आवाज येतो, मग पोरं दिसतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एकाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, दुसऱ्याचं लक्ष ट्रककडे. ट्रक आला की सगळे डांबर सोडून गिट्टीत उतरतात. घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. मुली अंधारात एकट्या निघूच शकत नाहीत. कुणाचा भाऊ सोबत आला तरच.

आणि त्याच वेळी खेड्यातल्या शाळेचं मैदान कुलपात असतं.

गावात ओपन जिमही बसते, पण पुढे नटबोल्ट कुणी आवळायचे हे ठरत नाही. सायकलचं पायडल निखळतं आणि तिथे शेळ्या बांधल्या जातात. हे मला फार लागतं, कारण आपल्याकडे गावच अशा गोष्टी चालवत आलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ साली वैद्य बंधूंच्या आखाड्यातून झाली. १९३६ला मंडळाची मुलं बर्लिन ऑलिम्पिकपर्यंत आपले देशी खेळ दाखवायला गेली. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने रामधून म्हणत पहाटे अख्खं गाव पायी फिरवलं.

‘शेतात राबणाऱ्याला कसला व्यायाम?’ असं विचारतात. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला आणखी दमायचं नाहीच. तिला पाठ सरळ करायला, खांदे मोकळे करायला अर्धा तास हवा, आणि तो चार बायकांसोबत मिळाला तरच ती घराबाहेर पडेल. तिचा मुलगा मात्र मोटारसायकलवरून वावरात जातो, नांगरणी ट्रॅक्टर करतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची हालचाल सांगते, शाळकरी पोरांना रोज सरासरी ६०.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पहाटे शाळेचं मैदान भरतीच्या मुलामुलींचं, संध्याकाळी बचत गटाच्या बायकांचं. दिव्याचं बिल ग्रामपंचायतीने भरावं. भरतीवाल्यांनी मैदानातले दगड वेचावेत आणि रविवारी लहान पोरांना पळायला शिकवावं. आशाताईंनी महिन्यातून एकदा तिथेच रक्तदाब तपासण्याची सोय लावावी. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. किल्ली ठेवणाऱ्या तिघांची नावं त्यात लिहा, आणि त्यातलं एक तरी बाईचं असू द्या.