हवा किती, माल किती?

आमच्याकडं गाडीत हवा किती पाहिजे, हे कुणी बघत नाही. पिकअप पंक्चरच्या दुकानासमोर थांबते, पोरगं नळी ओढत येतं, "किती मारू मालक?" म्हणतं, आणि मालक खाली न उतरताच सांगतो, "मार की पन्नास, चारी चाकात." गाडी रिकामी असली तरी पन्नास, गुळानं लादलेली असली तरी पन्नास. पुढच्या चाकालाही तेवढीच आणि मागच्यालाही. हा आकडा आला कुठनं? कुणालाच ठाऊक नसतं. आधीचा ड्रायव्हर एवढीच मारत होता, म्हणून.

मीही त्यातलाच. चुलत भावाच्या आणि माझ्या भागीत एक जुनी पिकअप होती. गुऱ्हाळं सुरू झाली की आम्ही गगनबावड्याच्या वाटेनं कोकणात गूळ टाकायचो. ३० किलोचा एक रवा, म्हणजे पन्नास रवे झाले की दीड टन. गाडीची ताकद तेवढीच. पण व्यापारी म्हणायचा, "सत्तर घाल की, एका खेपेत भागतंय." आम्ही सत्तर घालायचो. सहाशे किलो वरचे! पाटे सपाट व्हायचे, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

एप्रिलातली दुपार होती. गाडी भरून दहा-पंधरा मैल पळालेली. वाटेत एका दुकानात हवा बघितली, तर काटा साठाच्या पुढं. दुकानदार म्हणाला, "लई झालीया, फुटंल." आम्ही सात-आठ पौंड सोडायला लावली. शहाणपण केलं असं वाटलं. कळ्याच्या पुढं मागचा डावा टायर फुटला. गाडी आडवी झाली, आणि रव्यांवर बसलेला हमाल रस्त्यावर पडला. खुबा मोडला. जगला, पण परत त्यानं पाठीवर पोतं घेतलं नाही. गावात आम्ही सांगितलं, "रस्ता खराब, नशीब खोटं." लोकांनी मान डोलावली. खोटं नशीब नव्हतं, आम्ही बोलत होतो ते होतं.

टायर पळाला की तापतो, आतली हवा तापते, आणि काटा वर चढतो. साधारण पाच-सहा अंशाला एक पौंड. गरम टायरवर दिसणारी ती वाढ खरी नव्हे. ती सोडली, की गार झाल्यावर टायर मऊ पडतो. मऊ टायरवर जादा ओझं आलं, की त्याची बाजू दर फेऱ्याला दबते, उठते, दबते, उठते, आणि त्यातनं आणखी उष्णता निघते. आम्ही फुटू नये म्हणून हवा सोडली, आणि त्यानंच फुटायची सोय केली.

खरा आकडा काही गुपित नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर, नाहीतर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तो असतो. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. भरलेल्या गाडीचा वेगळा. टायरच्या अंगावर जो आकडा कोरलेला असतो, तो टायरनं जास्तीत जास्त किती सोसावं त्याचा. रोज तेवढी भरा असं तो सांगत नाही. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी. रिकाम्या गाडीत भरल्या गाडीची हवा ठेवली, तर गाडी उड्या मारते, ब्रेकला चाक घसरतं, आणि टायर मधोमध घासतो. कमी ठेवली तर दोन्ही कडा जातात. आपला टायर कुठं घासलाय ते उतरून बघा, तुमची चूक तिथं लिहिलेली असते.

यावर म्हणतील, "पुस्तकं शहरातल्यांसाठी. आमचं ज्ञान हाताचं." मग हाताचंच बोलू. आमच्या आण्णांची उसाची डनलॉप गाडी होती. हा डनलॉप मूळचा जनावरांचा डॉक्टर. १८८८ साली बेलफास्टमध्ये त्यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आण्णांना हे माहीत नव्हतं. पण गाडी भरली की ते जू उचलून बघायचे. मागं उलाळ झाली तर जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते, पुढं भार आला तर खांद्यावर बसते. मग चार मोळ्या पुढं, दोन मागं. बैलाचा खांदा आला, तर त्या रात्री आण्णांना जेवण गोड लागायचं नाही. हे ज्ञान मोजून बघायचं होतं, अंदाजपंचे नव्हतं. बैल मान टाकून सांगतो, टायर सांगत नाही. मग त्याला काट्यानं विचारायला नको?

आणि आता खरं भांडण. "योग्य हवा किती?" हा प्रश्न आम्ही विचारतो, पण "माल किती?" हा विचारत नाही. सत्तर रव्यांसाठी योग्य हवा कुठल्याच पुस्तकात नाही, कारण ती गाडी सत्तर रव्यांची नाही. पौंड वाढवून टन पचत नाहीत. "भाडं परवडत नाही," हे मलाही ठाऊक आहे, मीही हप्ते फेडलेत. पण वरचे वीस रवे व्यापाऱ्याच्या फायद्याचे, आणि त्यांचं ओझं ड्रायव्हरच्या जिवावर आणि हमालाच्या खुब्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात जादा मालाला २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आला. पावती फाटते ती गाडीवाल्याच्या नावानं, अडतीवर बसलेल्याच्या नव्हे. मग सत्तरला "नाही" म्हणायचं ते आपणच. एकट्यानं म्हटलं तर खेप दुसऱ्याला जाते, म्हणून स्टँडवरच्या सगळ्यांनी मिळून म्हणायचं.

दर अमावास्येला आम्ही गाडीला लिंबू-मिरची न चुकता बांधतो. बांधा, माझी ना नाही. पण बांधायला खाली वाकलाच आहात, तर चारी चाकांना गेजही लावा. तो एका तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणाच्या पैशात येतो. तो हमाल अजून आमच्या गल्लीत काठी टेकत चालतो. मला बघितलं की हसून विचारतो, "काय दादा, बरं हाय का?" त्यानं शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.