भाकरी महागली, पण ज्वारीवाल्याच्या पदरात काय?

येळवशीला आपल्या धाराशिव-लातूर भागात गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, मग भज्जी, उंडे आणि माठातली आंबिल. मागच्या येळवशीला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गेलो, तर चौफेर हरभरा. कोपीपुरता कडबा शेजारच्या गावातून आणलेला. कोपीत बसलेल्या म्हाताऱ्या आण्णांना विचारलं, "ज्वारी नाही पेरली यंदा?" ते म्हणाले, "साहेब, कोपीचा कडबा इकत, आंबिलीची जवारी इकत. आता येळवस तेवढी घरची ऱ्हायली."

आण्णा हसत बोलले खरे, पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. एकीकडे पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ज्वारीची भाकरी मानानं ताटात आली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, आणि त्याच वर्षी चांगली शाळू ज्वारी बाजारात गव्हापेक्षा महाग विकली गेली. दुसरीकडे, जिच्या जिवावर आपले बापजादे जगले ती ज्वारी आपल्याच रानातून हटत चालली आहे. मागणी आहे, भाव आहे, मग शेतकरी पेरत का नाही? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याचा हिशोब त्याला कळतो. हा हिशोब आपण नीट मांडून पाहू.

ज्वारी मागे का पडली

पहिलं कारण खरिपातलं. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं आणि खरीप ज्वारीचं उत्पादन वाढलं. पण कणीस पक्व होताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी धरते, दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. पुढं सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हातात आणि पैसा रोख. खरिपाची ज्वारी तिथंच संपली.

दुसरं कारण रब्बीतलं. शाळू पेरायची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्या वेळी रानात सोयाबीन उभं असतं किंवा नुकतं काढणीला आलेलं असतं. रान मोकळं होऊन पाळी घालेपर्यंत ज्वारीची वेळ निघून जाते, हरभऱ्याची मात्र साधते. म्हणजे सोयाबीननं खरिपाची जागा घेतली ती घेतलीच, वर रब्बीची वेळही खाल्ली.

तिसरं कारण काढणी. सोयाबीन आणि हरभरा आता यंत्रानं निघतो. ज्वारी पुरुषभर उंचीची. पूर्ण कडबा मिळावा म्हणून ती मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मग मळणी. पूर्वी या कामाची मजुरी धान्यातच मिळे. वर्षाची भाकरी सुटायची म्हणून अख्खं घर काढणीला यायचं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, आणि जानेवारी २०२३ पासून त्याखालचं धान्य फुकट मिळतं. ते धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. गरिबाच्या चुलीला आधार मिळाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल मजुराला बोल लावू नये. पण ज्वारीसाठी राबण्याचं त्याचं कारण संपलं, हेही तितकंच खरं.

भाकरीमागचं शास्त्र

ग्राहक शाळूला जास्त पैसे का देतो, हे आपल्याला माहीत असावं. शाळू हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पिकते. दाण्याला पाऊस लागत नाही, म्हणून तो मोत्यासारखा पांढरा, टपोरा राहतो. मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात शेजारच्या मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलं गेलं. आज इतकी नवी वाणं आली तरी भाकरीच्या चवीला लोक मालदांडीचंच माप लावतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की चिवट जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत ते नाही. म्हणून आपल्या आया-बहिणी पिठात कढत पाणी घालतात. त्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. दाण्याच्या कोंबात तेल असतं, तेही हवेनं खवट होऊन पीठ कडसर लागतं. म्हणून ज्वारी आठ-पंधरा दिवसांपुरतीच दळायची, ही घरची रीत शास्त्राला धरून आहे. पिठाच्या धंद्यात उतरणाऱ्या बचत गटांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. दाणा वर्षभर टिकतो, पीठ टिकत नाही.

आणखी एक. ज्वारीला औषध म्हणून विकू नका. तिच्यात शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चपातीच्या आट्याच्या जवळपासच. त्यातही लायसिन हा घटक कमी. तो डाळीत भरपूर असतो. भाकरी आणि पिठलं, भाकरी आणि वरण ही जोडी म्हणूनच पुरी पडते. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांना ज्वारी खरोखर उपयोगी आहे. एवढं खरं सांगितलं तरी गिऱ्हाईक येतं.

आता रोख हिशोब

केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये ठरवला आणि त्या रब्बीच्या हरभऱ्याचा ५,८७५ रुपये. समजा, कोरडवाहू एकरात हरभरा चार क्विंटल झाला, तर २३,५०० रुपये. ज्वारी पाच क्विंटल झाली, तर १८,७४५ रुपये. नुसता दाणा मोजला तर ज्वारी ४,७५५ रुपयांनी मागे. बहुतेक जण इथंच वही मिटतात.

पण ज्वारी हे दोन पिकांचं एक पीक आहे. दाण्याच्या सुमारे अडीचपट कडबा निघतो. पाच क्विंटलला बारा क्विंटल धरा. किलोला चार रुपये धरले तरी वरची तूट जवळपास भरून निघते. सहा रुपये धरले तर कडब्याचे ७,२०० होतात, तूट वजा जाता २,४४५ रुपये हातात राहतात. आता प्रश्न एवढाच, की ज्वारी काढणीचा हरभऱ्यापेक्षा जादा खर्च त्यात बसतो का? घरची माणसं काढणीला असतील तर बसतो. सगळं काम उक्तं दिलं तर बहुधा बसत नाही. उत्पादनाचे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. तुमच्या रानाचे, तुमच्या गावच्या मजुरीचे आकडे घालून पाहा.

म्हणून सरसकट सगळ्यांनी ज्वारी पेरा, असं मी सांगणार नाही. दावणीला जनावर नाही आणि काढणीला घरचं माणूस नाही, त्यानं हरभरा करावा. पण ज्याच्या दारात दुभतं आहे, त्यानं वैरण विकत घेऊन दूध विकणं म्हणजे एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं देणं आहे. दिवसाला सहा किलो धरला तर बारा क्विंटल कडबा एका जनावराला दोनशे दिवस जातो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूम भागात सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा वैरणीचा प्रश्न किती कठीण होतो हे आपण डोळ्यांनी पाहिलं. एकाच पिकावर घर टेकवलं की ते पीक बसलं म्हणजे घरही बसतं.

करायचं काय

ज्याला ज्वारी घ्यायची आहे, त्यानं त्या एकरात खरिपाला सोयाबीन न घेता उडीद-मूग घ्यावा किंवा रान मोकळं ठेवून ओल धरावी. वाण जमिनीप्रमाणे निवडावं: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा परभणी मोती, भारीला फुले वसुधा. एकरी चार किलो बी पुरे. काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळावं. एकच पाणी हाताशी असेल तर पीक पोटरीत असताना, म्हणजे पन्नास-पंचावन्न दिवसांनी द्यावं.

विक्रीत आपली खरी चूक होते. मार्चमध्ये सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो. काळा-पांढरा दाणा, खडा-माती एकाच पोत्यात असते आणि भाव सगळ्यांत हलक्या दाण्याचा लागतो. ज्वारी कडक वाळवावी. ओलावा बारा टक्क्यांच्या आत आला की ती टिकते. चाळून, प्रत वेगळी करून, घरचं काढून, उरलेली दोन-तीन टप्प्यांत विकावी. पैशाची नड असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ज्वारी बसते. आपल्या समितीत चौकशी करावी.

गावच्या कारभाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ई-पीक पाहणीत ज्वारीची नोंद वेळेवर होईल हे पाहा. सातबाऱ्यावर ज्वारी नसेल तर हमीभावाच्या खरेदीत तुमचा माणूस उभा राहू शकत नाही. आणि गावात चाळणी यंत्र एक असलं तरी चालतं, गटाला ते चालवायला द्या. शेजारच्या सोलापुरात बाया कडक भाकरी करून दूरदूर पाठवतात. तिच्यातलं पाणी निघून गेल्यानं ती महिनोन्‌महिने टिकते. पीठ टिकत नाही, पण भाकरी टिकवता येते. हे आपल्या बायांनाही जमण्यासारखं आहे, कारण भाकरी त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

हॉटेलातली भाकरी महाग झाली म्हणून ज्वारीवाल्याचं आपोआप भलं होणार नाही. दाणा, कडबा आणि घरचे हात या तिन्हींचा मेळ ज्याच्याकडे बसतो, त्यालाच ज्वारी पुरते. असा मेळ असलेली घरं आपल्या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. त्यांनी निदान एक एकर तरी शाळूला राखावा. आण्णांना मी तेच सांगून आलो. ते म्हणाले, "बघू, पोरगं हो म्हनलं तर." बंधूंनो, आता पोरांनीच हिशोब करून हो म्हणायचं आहे.