फरशीखालची धूळ कोणाच्या छातीत?

जुन्या फ्लॅटचे नूतनीकरण सुरू झाले की पहिला हातोडा बहुधा फरशीवर पडतो. मोझॅकच्या लाद्या निघतात. मग त्यांच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर ब्रेकरने उखडला जातो. तो तसाच ठेवला तर नव्या फरशीची पातळी जमत नाही, दारे अडकतात. काम रास्त आहे, पण ते कोरडेच उरकण्याची पद्धत घातक आहे.

वाळूत मुख्यतः स्फटिकरूप सिलिका असते. ब्रेकरच्या माऱ्याने तिचे अतिसूक्ष्म कण होतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत पोहोचतात. तिथे व्रण धरत जातात आणि फुप्फुस कडक होते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, शिवाय त्यामुळे क्षयरोगाचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ कर्करोगकारक ठरवली.

घरमालकाला हा त्रास चार दिवसांचा. फरशी फोडणाऱ्या बिगाऱ्याला मात्र रोज नवे घर आणि नवी धूळ. त्याच्या तोंडावरचा रुमाल हे कण अडवत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. पण फ्लॅटमधले काम म्हणजे कारखाना नव्हे. वर्षांनंतर दम लागू लागला, तर त्याची नाळ कोणत्या घराशी जोडणार?

म्हणून आधी विचारावे, उखडणे गरजेचे आहे का? जुनी लादी घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर तिच्यावरच नवी फरशी चिकटवता येते. मात्र दारांची उंची आणि स्लॅबवर वाढणारे वजन अभियंत्याकडून तपासून घ्यावे. उखडायचेच असेल तर पाण्याचा बारीक फवारा मारत काम करावे. विजेच्या ब्रेकरजवळ पाणी साचू देऊ नये. कोरडा झाडू मारू नये, राडारोडा ओला करून पोत्यांत भरावा. कामगाराला नीट बसणारा एन-९५ मास्क द्यावा.

हे सारे कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. दरपत्रकात फरशीचा दर लिहिला जातो, तशीच धूळ आवरण्याची अट आणि तिचा खर्चही लिहावा. तो खर्च घरमालकानेच द्यावा, कारण चकचकीत फरशी त्याच्याच घरात बसणार आहे.