विसाच्या आतली पोरं

शिक्षणावर देशाने किती टक्के खर्च करावा, यावर आपल्याकडे 1966 पासून एकच आकडा फिरतोय: सहा. कोठारी आयोगाने तो मांडला, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुन्हा छापला. मग कुणीतरी भारत आणि व्हिएतनाम अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवून फोटो टाकतं, आपण तो फॉरवर्ड करतो आणि झोपतो. वडवणी तालुक्यातल्या तांड्यावर उभं राहिलं तर त्या पट्ट्यांतून काहीही दिसत नाही.

तिथे प्रश्न साधा आहे. सहावी ते आठवीच्या पोरांना शिकवायला माणूस आहे का? शाळेवरचा सरकारी खर्च म्हणजे मुख्यतः मास्तरांचा पगार. मास्तर काढला की त्या गावावरचा खर्च काढला, मग देशाची टक्केवारी काही का असेना.

2009 चा शिक्षण हक्क कायदा या वर्गांसाठी भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक मागतो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने निकष आणला की सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत असेल तर एकही शिक्षक मंजूर नाही. शाळा बंद करतोय, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. लिहायची गरजच काय?

आता विसाच्या आत कोण असतं ते बघा. तांडे, वस्त्या, डोंगराच्या कडेची गावं. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि निम्मं गाव पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातं. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर पोरं आजीपाशी राहतात. नाही झालं तर अकरा-बारा वर्षांची पोरगी खोपीवर धाकट्याला सांभाळते. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल मिळते ती कोयत्याला. सातवीत शाळा सुटलेल्या पोरीचं लग्न एवढ्या लवकर का होतं, याचं निम्मं उत्तर या एका शब्दात आहे.

व्हिएतनाम स्वर्ग नाही. एकाच पक्षाचं राज्य, शिकवण्यांचं वेड आपल्यासारखंच, आणि सरकारी शाळेत सहावी ते नववीला 2025 पर्यंत फीसुद्धा होती. आपल्याकडे आठवीपर्यंत कायद्याने मोफत आहे, हे मान्यच करायला हवं. 1990 च्या सुमारास तो देश आपल्याहून गरीब होता. पण तिथल्या कायद्याने सरकारी अंदाजपत्रकाचा किमान 20 टक्के वाटा शिक्षणाला बांधून दिलाय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पैसा आडगावाकडे वळवलाय. अतिदुर्गम भागात जाणाऱ्या शिक्षकाला पगाराच्या 70 टक्के जादा भत्ता. शाळेपासून लांब राहणाऱ्या अशा भागातल्या पोरांना शाळेतच मुक्काम, जेवणाचे पैसे आणि दरमहा 15 किलो तांदूळ. 2012 च्या पिसा चाचणीत तिथली पंधरा वर्षांची पोरं विज्ञानात जगात आठवी आली. आपण 2009 च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल उतरवले, तळाशी आलो आणि त्यानंतर परीक्षेलाच बसलो नाही.

म्हणजे पोरं कमी आणि वाट अवघड असली की तिथे दर पोरामागे खर्च वाढतो. आपल्याकडे नेमका तिथेच तो शून्यावर येतो. ‘दहा पोरांसाठी मास्तर परवडत नाही’ असं सांगणाऱ्या साहेबांना मी एवढंच विचारेन, की पट विसाच्या आत गेला कशामुळे? साखरेला मजूर हवेत म्हणून पोरं गाव सोडतात. मग पट कमी म्हणून मास्तर जातो. मास्तर नाही म्हणून उरलेलीही जातात. पुढच्या वर्षी पट आणखी कमी भरतो, आणि फाईल म्हणते, बघा, आम्ही म्हणतच होतो.

वर समजूत काढतात की तीन किलोमीटरवर दुसरी शाळा आहे. असेल. मधे ओढा आहे, एसटीचा भरवसा नाही, आणि दारात मुकादम उचल घेऊन बसलाय.